एका पायमोज्याचा हिशेब

कापडाच्या जुन्या दुकानांत पादत्राणे पायरीवर राहतात. गिऱ्हाईक असो वा मालक, पांढऱ्या गादीवर पाऊल टाकायचे ते अनवाणीच. गिऱ्हाइकाची ही रीत दहा-वीस मिनिटांची असते. मालकाचा मात्र सारा जन्म त्या गादीवर आणि तिच्यालगतच्या गार फरशीवर जातो. वर्षानुवर्षे गादी सांभाळणाऱ्या माणसाच्या हिशेबाकडे सर्वांचे लक्ष असते, त्याच्या पायांकडे सहसा कोणाचेच नसते.

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असेच एक घर आहे. आजोबांचे वय त्र्याहत्तर, आजींचे एकोणसत्तर. मुलगा आणि सून दुकान पाहतात, तरी सकाळची बोहनी आजोबांच्याच हातची. मधुमेह सोबतीला येऊन पंधरा वर्षे झालेली. आरंभी त्यांच्या पायांना मुंग्या येत. पुढे मुंग्या थांबल्या, तेव्हा घरच्यांना वाटले की बरे झाले. वस्तुतः तळपायाच्या नसांतील संवेदना निघून जात असल्याची ती खूण होती.

पौषातील थंडीत आजोबांचे पाय गार पडतात, हे पाहून आजींनी मोजे विणायला घेतले. विणकाम त्या शाळेत शिकलेल्या. घरातील तीन पिढ्यांचे स्वेटर त्यांच्या सुयांवरून उतरलेले. मोजे मात्र क्वचितच केलेले. आपल्याकडे बहुतेक घरांत मोजे दोन सुयांवर सपाट विणतात आणि मग शिवण घालून त्यांना नळीचा आकार देतात. आजींनीही तसेच केले. तपकिरी रंग निवडला, मळखाऊ म्हणून. शिवण तळव्याखालून गेली. बोटांपाशी उरलेले टाके दोऱ्यात ओवून आवळले आणि आत एक पक्की गाठ मारली. मोजे देखणे झाले. आजोबांनी ते त्याच दिवशी पायांत चढवले.

आठ-दहा दिवसांनी धुण्याचे कपडे गोळा करताना नातवाच्या हाताला एक मोजा कडक लागला. तपकिरी रंगात काही दिसत नव्हते. पाण्यात बुडवला तेव्हा पाणी लालसर झाले. करंगळीशेजारच्या बोटाखाली, नेमकी गाठ जिथे टेकत होती तिथे, जखम झालेली होती. आजोबांना तिचा पत्ताच नव्हता. कारण ती दुखतच नव्हती.

पुढचा दीड महिना मलमपट्टीत गेला. जखम भरली, बोट वाचले. डॉक्टरांनी घरच्यांना जे सांगितले, ते मधुमेही माणूस असलेल्या प्रत्येक घराने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. मोज्याला आतून शिवण वा गाठ नसावी. वरचा काठ इतका घट्ट नसावा की मोजा काढल्यावर नडगीवर वळ उमटेल. तळव्याखाली सुरकुती पडू नये; सुरकुतीही शिवणीइतकीच घासते. रंग पांढरा किंवा फिका असावा, म्हणजे रक्ताचा वा पाण्याचा डाग त्याच दिवशी दिसतो. मोजे रोज बदलावेत. आणि रोज रात्री दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्यांसह, कोणीतरी उजेडात पाहावेत. नुसता मोजा म्हणजे पादत्राण नव्हे, त्यामुळे घरातही अनवाणी चालू नये.

आजींनी सुया ट्रंकेत टाकल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "माझ्याच हातचे मोजे लागले यांना."

दोन दिवस आजोबा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो तपकिरी गुंडा मागवून घेतला आणि म्हणाले, "अगं, विणीत दोष असेल तर वीण बदलेल, मालात असेल तर माल बदलेल. एक लॉट खराब निघाला म्हणून कोणी दुकान बंद करीत नाही. तू टाका बघ, मी माल बघतो."

पंचेचाळीस वर्षांच्या कापडाच्या धंद्यात पत्नीच्या लोकरीकडे त्यांनी माल म्हणून प्रथमच पाहिले. गुंड्यातून बोटभर धागा तोडून त्यांनी तो चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीला लावला. धागा वितळला आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी झाला. कापडवाल्याला निकाल कळायला एवढे पुरते. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेताच ती सहसा विझते आणि मागे चिमटीत चुरडणारी काळी राख राहते. सूत कागदासारखे जळते व त्याची मऊ करडी राख होते. वितळून मणी झाला तर तो धागा कारखान्यातील रसायनाचा. आजींचा गुंडा अ‍ॅक्रिलिकचा होता.

यात दुकानदाराने फसवले असे नव्हे. आपल्याकडे विणायच्या प्रत्येक धाग्याला "लोकर"च म्हणतात. नाव मेंढीचे, माल मात्र बहुधा अ‍ॅक्रिलिकचा. स्वेटरसाठी तो वाईट नाही. स्वस्त, हलका, रंगाला पक्का आणि धुवायला सोपा असतो. पण घाम तो जवळजवळ शोषत नाही. पाय मोज्यात बंद राहिला की ओल कातडीवरच राहते, कातडी नरम पडते आणि नरम कातडी लवकर सोलवटते. बाळाच्या टोपीला जो धागा चालतो तो मधुमेही तळपायाला चालेलच असे नाही, हा या घराला मिळालेला पहिला धडा.

मग सुताचा विचार झाला. ते साहजिकच होते. उन्हाळ्याच्या देशाला सूतच जवळचे. मोज्यांच्या इतिहासातही सुताचे स्थान मोठे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले, सुमारे तिसऱ्या ते पाचव्या शतकातील लाल लोकरीचे मोजे आहेत. पट्ट्याच्या चपला घालता याव्यात म्हणून त्यांना अंगठ्यापाशी फाक ठेवलेली आहे. मात्र ते एकाच सुईने वळसे घालत केलेले आहेत, आजच्या अर्थाने विणलेले नाहीत. खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेले जे जुन्यातले जुने नमुने सापडले, त्यांत इजिप्तमधील मध्ययुगीन मोजे येतात, आणि ते आहेत पांढऱ्या व निळीत रंगवलेल्या सुताचे. म्हणजे मोजा म्हटला की लोकरच हवी, असा काही नियम नाही.

आजींनी पांढऱ्या सुताची एक जोडी विणली, या वेळी गोल, बिनशिवणीची. पहिल्या दिवशी ती उत्तम बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काठ घोट्यावर उतरला आणि तळव्याखाली चुणी पडली. सुताला ताणले की ते ताणलेलेच राहते. मागे येण्याचा गुण त्याच्यात नाही. घाम ते भरपूर पिते, पण पिऊन ओलेच राहते. यंत्रावरच्या सुती मोज्यांत नायलॉन आणि लवचीक धागा मिसळलेला असतो म्हणून ते पायाला धरून राहतात. हातविणीच्या शुद्ध सुताला तो आधार नसतो. जोडी बाजूला ठेवावी लागली. आजोबांनी तिला नाव दिले, "परत आलेला माल."

तिसरा पर्याय खऱ्या लोकरीचा. लोकरीच्या प्रत्येक तंतूला जन्मजात नागमोड असते. ताण सुटला की तंतू आपल्या जागी परत येतो. म्हणूनच लोकरीचा मोजा पायाला न आवळता धरून राहतो. शिवाय आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास ओल ती पोटात घेते, तरी हाताला चटकन ओली लागत नाही. पण लोकर तितक्या प्रकारची, जितक्या जातीच्या मेंढ्या. आपल्या पठारावरच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. धनगरांच्या घोंगडीला तीच हवी. पाऊस आणि खडक झेलायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण नाजूक तळव्याला ती टोचेल. तिथे मेरिनोसारखी बारीक तंतूची लोकर लागते.

बारीक लोकरीचा दोष एकच, ती टाचेला लवकर झिजते. म्हणून मोज्यांच्या धाग्यात बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असते. पदर किती आणि पीळ केवढा, हेही पाहावे लागते. सैल पिळाचा एकपदरी धागा हाताला मऊ लागतो, गिऱ्हाईक त्याच्यावरच भुलते. पण त्याला आठवडाभरात गोळे येतात आणि महिन्याभरात भोक पडते. तीन वा चार पदरी, घट्ट पिळाचा धागा थोडा कमी मऊ असला तरी टिकतो. साडीच्या सुतात जी पारख लागते तीच इथे लागते. आजोबा धागा दोन बोटांत उलटा पिळून पदर मोजत, तेव्हा आजी कौतुकाने पाहत राहत.

याच वेळी सूनबाईंनी प्रश्न काढला की मेंढीच्या अंगावरची वस्तू घ्यावी का. प्रश्न योग्य होता आणि घरात तो टाळला गेला नाही. लोकर कातरल्याने मेंढी मरत नाही. श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो आणि कामळीही. लोकर परंपरेने वर्ज्य मानलेली नाही. परंतु कातरणीपलीकडेही पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील अनेक मेरिनो कळपांत माश्यांची लागण टाळण्यासाठी कोकरांच्या शेपटीजवळची कातडी कापून काढतात. या प्रकाराला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. जे उत्पादक ही पद्धत वापरत नाहीत ते तसे लेबलवर लिहू लागले आहेत. रेशमाचा भाग वेगळा. मोज्यांच्या काही महागड्या धाग्यांत चकाकीसाठी रेशीम मिसळलेले असते, आणि सर्वसाधारण रेशीम कोशातील जीव मारूनच निघते. लेबलवर तंतूंची टक्केवारी छापलेली असते. ती वाचायला अर्धे मिनिट लागते; न वाचता घेणे ही जयणा नव्हे. सूनबाईंनी लेबल वाचण्याचे काम स्वतःकडे घेतले.

लुधियानाहून दुकानात हिवाळी माल येत असे. तिथल्या ओळखीच्या आडत्याला आजोबांनी फोन केला: लोकर ७५, नायलॉन २५, चार पदरी, १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर, रंग साईसारखा पांढरा. ठोक व्यापारात हजारो मीटरची मागणी नोंदवणाऱ्या माणसाने १०० ग्रॅमसाठी इतक्या बारकाईने बोलावे, याचे आडत्याला नवल वाटले. एका जोडीला १०० ग्रॅम पुरतात. आजोबांनी २०० मागवले आणि दोन्ही लड्या एकाच लॉट नंबरच्या हव्यात, असे बजावले.

आता काम आजींचे. १३ नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया आल्या. चारांवर टाके वाटायचे आणि पाचवीने विणायचे. असे केले की नळी आपोआप होते, शिवण लागतच नाही. आधी छोटा चौकोन विणून पाहिला. इंचाला ८ टाके बसले. आजोबांच्या पावलाचा घेर ९ इंच. मोजा घेरापेक्षा सुमारे दहावा हिस्सा कमी ठेवावा लागतो, नाहीतर तो फिरतो. म्हणजे ८ इंच. ८ गुणिले ८, एकूण ६४ टाके.

टाके घातले ते दोन सुया एकत्र धरून, काठ सैल राहावा म्हणून. दोन सुलट, दोन उलट अशी वीण घोट्याच्या वरपर्यंत. पुढे टाचेसाठी निम्मे, म्हणजे ३२ टाके घेऊन त्यांच्यावर ३२ ओळींचा पडदा. त्यात एकाआड एक टाका न विणता उचलायचा, म्हणजे टाचेची वीण दुहेरी होते. मग टाच वळवायची. ३२ टाक्यांचे कमी होत होत १८ राहतात आणि सपाट पडद्याला वाटीसारखा खोलगटपणा येतो. आजींना इथेच दोनदा उसवावे लागले. आजोबा शेजारी पाटीवर आकडे मांडत होते: टाचेचे १८, पडद्याच्या दोन कडांवरून उचललेले १६ आणि १६, पावलाच्या वरचे ३२, बेरीज ८२. हव्यात ६४. जादा १८, दर खेपेला दोन कमी केले तर ९ खेपा. नवव्या खेपेला आजींच्या सुयांवर बरोबर ६४ टाके आले. दोघांनी ते दोनदा मोजले. ताळेबंद जुळल्याचा आनंद दुकानदाराला वेगळा सांगावा लागत नाही.

शेवट बोटांपाशी, जिथे मागच्या खेपेला घात झाला होता. टाके कमी करत १६ उरले की ते आठ-आठ असे समोरासमोर ठेवून बोथट सुईने असे जोडायचे की जोड म्हणजे विणीचीच आणखी एक ओळ दिसावी. इंग्रजीत या जोडाला पहिल्या महायुद्धातील ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे नाव पडले आहे. खंदकात दिवसेंदिवस बूट न काढता उभ्या राहणाऱ्या सैनिकांसाठी त्या काळी घरोघरच्या स्त्रिया मोजे विणून पाठवत. बोटांवरची शिवण तिथेही पाय सोलवटून काढी. आजींनी जोड घातला, मोजा उलटा करून त्यावरून अंगठा फिरवला, आणि मग तो आजोबांच्या हातात दिला. काही लागत नव्हते. धागा संपल्यावर त्यांनी कुठेही गाठ मारलेली नव्हती. जुने व नवे टोक आठ-दहा टाके एकत्र विणून घेतले होते.

दुकानदाराच्या घरात पुढचा प्रश्न येणारच, आणि तो मुलाने विचारला: परवडले का? एका जोडीत सुमारे २४,००० टाके. आजींचा हात मिनिटाला वीस टाक्यांचा. म्हणजे १,२०० मिनिटे, वीस तास. ताशी ५० रुपये धरले तरी मजुरीच १,००० रुपये, धागा निराळा. बिनशिवणीचे यंत्रावरचे मोजे बाजारात मिळतात आणि ज्या घरात विणणारे हात नाहीत, तिथे तेच घ्यावेत. डॉक्टरांचा आग्रह बिनशिवणीचा होता, हातविणीचा नव्हे. पैशांच्या हिशेबात आजींची जोडी तोट्याचीच. आजोबांनी मुलाचे गणित तपासून बरोबर ठरवले आणि मग विचारले, "बाजारचा मोजा विकणारा माझा तळपाय रोज रात्री बघायला येणार का?"

कारण तोच खरा बदल होता. आता रोज रात्री जेवणानंतर आजी स्टुलावर बसतात, मोजा काढतात, तो उलटा करून दिव्यापुढे धरतात, मग तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहतात. आपण विणलेल्या वस्तूची तपासणी करायची म्हणून सुरू झालेले हे काम आता दिनक्रमाचा भाग झाले आहे. चातुर्मासात एका रात्री पांढऱ्या मोज्यावर मोहरीएवढा ठिपका दिसला. नखाची कड लागून कातडी फुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे जाणे झाले आणि चार दिवसांत ती बरी झाली. तपकिरी मोजा असता तर ठिपका दिसला नसता, आणि कोणी पाहणारे नसते तर पांढऱ्यावरही दिसला नसता.

गादीचीही रीत बदलली. पंचेचाळीस वर्षांत जे झाले नव्हते ते झाले. गादीलगत मऊ तळाच्या, फक्त आत वापरायच्या स्वच्छ कापडी सपाता आल्या. आरंभी आजोबांना संकोच वाटला. पुढे एक-दोन वृद्ध गिऱ्हाइकांनी त्या कुठे मिळतात याची चौकशी केली, तेव्हा तोही गेला.

लोकरीची निगा फार अवघड नाही. पाणी थंड किंवा कोमट, साबण सौम्य. पिळायचे नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचे आणि सावलीत आडवे पसरून वाळवायचे. गरम पाण्यात चोळली की लोकर आटून नमद्यासारखी होते. प्रक्रिया केलेल्या धाग्याला हे भय कमी असते, तरी संथ हात बरा. उन्हाळ्यात ठेवून देताना मोजे धुऊन पूर्ण कोरडे करूनच ठेवावेत. कसर लागते ती बहुधा घामट, मळक्या लोकरीला. आधीच स्वच्छ ठेवले तर जीवोत्पत्ती होत नाही, आणि मग औषधे टाकून जीव मारण्याची वेळही येत नाही.

दिवाळीच्या आधी मुलगा कपाट आवरत असताना दुसरी लडी त्याच्या हाती लागली, लेबलासकट, न उघडलेली. ती कोणाला देऊन टाकावी का, असे त्याने विचारले. आजी काही बोलण्यापूर्वीच आजोबा म्हणाले, "राहू दे. टाच झिजली की रफू लागेल, त्याच लॉटची. मला अजून बरीच वर्षे चालायचे आहे."

आजींनी लडी घेतली, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधली आणि सुयांशेजारी ट्रंकेत ठेवली. ट्रंकेला कुलूप मात्र लावले नाही.